काशीची आग आणि जबाबदारीचा पत्ता

९ ऑगस्ट २०२५, रक्षाबंधनाची संध्याकाळ. वाराणसीच्या चौक भागात, संकठा गल्लीतील आत्मविश्वेश्वर महादेवाच्या मंदिरात आरती सुरू असताना सजावटीच्या कापसाने पेट घेतला आणि पुजाऱ्यासह सात जण भाजले. गल्ली अशी की दोन माणसे समोरासमोर आली तर एकाला भिंतीला टेकावे लागते. बंबाचा प्रश्नच नाही. जखमींना बाहेर काढण्यासाठी प्रथम धावले ते तेथलेच रहिवासी आणि भाविक.

काशीत हे नवे नाही. जुन्या शहराच्या गल्ल्यांत आग लागली की पहिली काही मिनिटे शेजाऱ्यांच्या हाती असतात. ती मिनिटे वाया जाऊ नयेत म्हणून कायद्याने स्वयंसेवकांची एक फळी कधीच उभी केली आहे. प्रश्न आहे तो तिच्यावर देखरेख कोणाची, हा. तो प्रशासकीय वाटला तरी त्याच्या मुळाशी राजकारण आहे. कारण ज्याच्याकडे देखरेख त्याच्याकडे उत्तरदायित्व, आणि उत्तरदायित्व अंगावर घेण्याची हौस आपल्याकडे फारशी कोणाला नसते.

उत्तर प्रदेशात अग्निशमन सेवा राज्याच्या गृहखात्याकडे आहे. १९४४ च्या कायद्याने घडलेली ही रचना स्वातंत्र्यानंतरही तशीच राहिली. ७४ व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे १ जून १९९३ पासून, बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या विषयांमध्ये अग्निशमन सेवेचा स्पष्ट उल्लेख आला. परंतु अनुसूचीत विषय येणे वेगळे आणि तो प्रत्यक्ष सोपवणे वेगळे. सोपवायचे की नाही हे राज्याच्या मर्जीवर. लखनौने ते केले नाही. २०२२ मध्ये जुन्या कायद्याच्या जागी अग्निशमन व आपत्कालीन सेवा कायदा आला, तरी लगाम राज्याच्याच हाती राहिला. परिणामी शंभर प्रभागांच्या वाराणसी महापालिकेत निवडून आलेला नगरसेवक आपल्या प्रभागात बंब किती वेळात पोहोचला, हे सभागृहात अधिकाराने विचारू शकत नाही. तो प्रश्न लखनौच्या विधानसभेत विचारायचा. संकठा गल्लीतील माणसाला लखनौ किती दूर आहे, हे नकाशावरून कळत नाही.

महाराष्ट्रातून आलेल्या वाचकाला हे चमत्कारिक वाटेल. मुंबई, पुणे, नागपूर येथे अग्निशमन दल महापालिकेचे. त्याचे अंदाजपत्रक महापालिकेचे, त्यावरची टीकाही तेथलीच. अर्थात केवळ तेवढ्याने आगी टळत नाहीत. २९ डिसेंबर २०१७ च्या मध्यरात्रीनंतर मुंबईत कमला मिलच्या आवारात चौदा जणांचे प्राण गेले तेव्हा दल महापालिकेचेच होते. पण चौकशी महापालिका आयुक्तांना करावी लागली आणि नागरिकांचा रोष नेमक्या दारावर धडकला. देखरेखीचा पहिला लाभ हाच, की दार कोणते ते ठाऊक असते.

वॉर्डन कोणाचे?

स्वयंसेवकांची गोष्ट आणखी गुंतागुंतीची आहे. नागरी संरक्षण दल हे १९६२ च्या चीन युद्धाचे अपत्य आणि १९६८ च्या कायद्याचे बालक. वाराणसी हे या दलाच्या जुन्या शहरांपैकी एक. मोहल्ल्यातील व्यापारी, शिक्षक, निवृत्त कर्मचारी वॉर्डन म्हणून मानद सेवा देतात. आग विझवणे, प्रथमोपचार आणि लोकांना सुरक्षित स्थळी हलवणे ही त्यांच्या प्रशिक्षणाची मुख्य अंगे. २००९ च्या दुरुस्तीने युद्धाखेरीज अन्य आपत्तीही दलाच्या कक्षेत आल्या. ७ मे २०२५ रोजी 'ऑपरेशन अभ्यास'च्या निमित्ताने देशातील २४४ नागरी संरक्षण जिल्ह्यांत सराव ठरला, तेव्हा त्या यादीत वाराणसीचेही नाव होते. भोंगे वाजले, छायाचित्रे निघाली आणि अनेक नागरिकांना आपल्या शहरात असे एखादे दल आहे याचा प्रथमच शोध लागला.

या दलाचा नियंत्रक जिल्हाधिकारी असतो. दलातील एखाद्याची उपस्थिती अनिष्ट वाटली तर कारण न देता त्याला कमी करण्याचा अधिकार कायद्याने नियंत्रकाला दिला आहे; अपिलाची वाटही प्रशासनाच्याच अंगणातून जाते. शिस्तीच्या दलाला असे अधिकार लागतात, हे मान्य. परंतु उलट दिशेने विचारणा करण्याची सोय कोठे आहे? कागदावरील वॉर्डनांपैकी प्रत्यक्षात किती हजर होतात, शेवटचे प्रशिक्षण केव्हा झाले, गल्लीच्या तोंडाशी ठेवलेली अग्निशामक नळकांडी भरलेली आहेत की नुसतीच रंगवलेली, आणि आगीत एखादा स्वयंसेवक भाजला तर त्याच्या औषधपाण्याचे काय, हे प्रश्न जाहीरपणे विचारणारे नागरिकांचे मंडळ नाही. तपासणारा अधिकारी, उत्तर देणारा अधिकारी आणि अहवाल वाचणाराही अधिकारीच, अशी ही वर्तुळाकार व्यवस्था आहे.

परदेशात याचा विचार वेगळ्या रीतीने झाला. जर्मनीत स्वयंसेवी अग्निशमन दलांत सुमारे दहा लाख माणसे आहेत आणि ती दले गावच्या नगरप्रशासनाशी बांधलेली आहेत. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात ग्रामीण व उपनगरी अग्निशमन जिल्ह्यांवर मतदारांनी निवडलेले पाच आयुक्त देखरेख ठेवतात. बंब कोणता घ्यायचा, कर किती लावायचा, हे तेच ठरवतात. या मंडळांवर आप्तेष्टांची वर्णी लावल्याचे आणि उधळपट्टीचे आक्षेपही येतात. तरीही आक्षेप घेता येतो, कारण नावे भिंतीवर लिहिलेली असतात.

नवा कायदा, जुनी खुर्ची

या पार्श्वभूमीवर दिल्लीत २०२५ मध्ये झालेली एक दुरुस्ती महत्त्वाची आहे, पण तिची चर्चा झाली नाही तेवढी व्हायला हवी होती. आपत्ती व्यवस्थापन कायद्यातील सुधारणा ९ एप्रिल २०२५ पासून अमलात आली. तिच्यानुसार राज्यांच्या राजधान्या आणि महापालिका असलेल्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण नेमता येते. वाराणसी अर्थातच या व्याख्येत बसते. प्राधिकरणाचे अध्यक्ष महापालिका आयुक्त आणि उपाध्यक्ष जिल्हाधिकारी. महापौरांना कायद्याने जागा दिलेली नाही. २००५ च्या मूळ कायद्यात जिल्हा प्राधिकरणावर जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना सहअध्यक्षपद तरी होते. शहरांच्या वाट्याला तेही आले नाही. मात्र अन्य सदस्य कोण असावेत हे ठरवण्याची मुभा राज्याला आहे आणि सारी मेख येथेच आहे. याच दारातून महापौर, नगरसेवक, वॉर्डनांचे प्रतिनिधी, व्यापारी संघटना आणि घाटांवरील नाविक आत येऊ शकतात. दार उघडायचे की नाही, एवढाच प्रश्न.

पैशाचीही सबब पुरेशी नाही. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण यांकरिता ५,००० कोटी रुपयांची शिफारस केली आणि केंद्राने २०२३ मध्ये तशी योजना आणली. त्यातील ५०० कोटी कायदेशीर व संरचनात्मक सुधारणा करणाऱ्या राज्यांसाठी राखून ठेवले होते. बहुतेक राज्यांना २५ टक्के वाटा स्वतः उचलायचा होता. पैशातून बंब येतात, केंद्रे उभी राहतात. पण चौकातल्या गल्लीत बंब शिरत नाही. तेथे शिरतो तो प्रशिक्षित शेजारी. त्याच्यासाठी अंदाजपत्रकात कोणता रकाना आहे, हे विचारणारा कोणीतरी हवा.

मराठी माणसाचा या विषयाशी संबंध केवळ तीर्थयात्रेपुरता नाही. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या परिसरात मराठी कुटुंबांच्या कित्येक पिढ्या गेल्या. जुने लाकूडकाम असलेली त्यांची घरे आजही गल्लीगल्लींत आहेत. ठठेरी बाजाराच्या सराफ्यात सांगली जिल्ह्यातून आलेली गलाई कारागीर मंडळी सोने-चांदी आटवतात; भट्टी, गॅस आणि आम्ल हे त्यांचे रोजचे सोबती. १४ एप्रिल २०२२ रोजी अशफाकनगरात साडीच्या कामाच्या खोलीला आग लागून चार जण मरण पावले, त्यांत बिहारहून पोटासाठी आलेले लोक होते. १४ एप्रिल हा अग्निशमन सेवा दिन. १९४४ साली मुंबईच्या गोदीतील स्फोटात ६६ अग्निशमन जवानांनी प्राण दिले, त्यांच्या स्मृतीचा हा दिवस. स्मरण आणि नवे मरण एकाच तारखेवर यावे, यातील विदारकता वेगळी सांगायला नको. परगावी आलेला कारागीर बहुधा मतदारयादीत नसतो, मोहल्ल्याच्या बैठकीत नसतो आणि वॉर्डनच्या नोंदवहीतही नसतो. धोका मात्र त्याच्याच खोलीत सर्वांत जास्त असतो.

वाराणसी हा २०१४ पासून पंतप्रधानांचा मतदारसंघ आहे. १३ डिसेंबर २०२१ रोजी विश्वनाथ धामाचे लोकार्पण झाले आणि मंदिरापासून गंगेपर्यंतची वाट रुंद झाली. त्या प्रशस्त वाटेच्या दोन्ही अंगांना जुनी काशी मात्र पूर्वीइतकीच अरुंद आहे, आणि गर्दी पूर्वीपेक्षा पुष्कळ अधिक. ३० नोव्हेंबर २०२४ च्या पहाटे कँट रेल्वेस्थानकाच्या वाहनतळात सुमारे दोनशे दुचाकी जळाल्या. तेथे रस्ता होता, पाणी होते, बंबही पोहोचले. गल्लीत यांपैकी पहिली गोष्टच नसते.

म्हणून मागणी फार मोठी नाही. नागरी प्राधिकरणावर लोकप्रतिनिधी आणि स्वयंसेवक यांना जागा द्यावी. वर्षातून दोनदा प्रभागनिहाय वॉर्डन, प्रशिक्षण व साधनसामग्री यांचा तपशील जाहीर करावा. जखमी स्वयंसेवकाच्या विम्याची तरतूद लेखी असावी. आणि सराफा, साडीचे कारखाने व धर्मशाळा यांतील स्थलांतरित कामगारांना या नोंदवहीत स्थान मिळावे. यासाठी घटनादुरुस्ती नको, नवा कर नको. लखनौहून निघालेली एक अधिसूचना पुरे. ती निघाली तर निदान पुढच्या वेळी संकठा गल्लीतल्या माणसाला आपली तक्रार कोणत्या दारावर न्यायची, हे ठाऊक असेल.