बंदूक आणि आपण (भाग ६) : खिशात मावेल तेवढंच

मागच्या भागात बारा बोअरच्या दुनळीबद्दल लिहिलं, त्यावर रिसोडच्या एका अडत्याने विचारलं, "दुनळी घेऊन यार्डात कोण फिरतं हो? त्यापेक्षा खिशात राहील असं बारकं पिस्तूल बरं नाही का?"

प्रश्न रास्त आहे. दुनळी ही दारामागे उभी करून ठेवायची वस्तू. वेळ येते ती रस्त्यावर, आणि तेव्हा दुनळी घरी असते. खिशातल्या पिस्तुलाचा पहिला गुण हाच, की ते जवळ असतं. खरं सांगायचं तर त्याचा मोठा असा गुण हा एकच. बाकीचं सगळं या एका गुणासाठी मोजलेलं मोल आहे.

आधी आकड्यांचा घोळ मिटवू. बारा बोअरमधला बारा हा एक पौंड शिशातून होणाऱ्या गोळ्यांचा हिशेब होता. पिस्तुलाचा आकडा सरळ इंचात असतो. .३२ म्हणजे इंचाच्या शंभर भागांपैकी ३२, साधारण ८ मिलिमीटर. .२५ म्हणजे सहाच्या जरा वर, शाळेतल्या पेन्सिलीहून किंचित बारीक. .२२ त्याहून बारीक. पण जाडीपेक्षा गोळीतला जोर महत्त्वाचा. .२५च्या गोळीत साधारण ९० ज्यूल ऊर्जा असते, पिस्तुलाच्या .३२मध्ये १७०च्या आसपास, पोलिसांच्या ९ मिलिमीटरमध्ये ४८० ते ५००. बारा बोअरचं काडतूस २००० ज्यूलच्याही वर जातं. म्हणजे अडत्याच्या खिशातलं .२५ आणि त्याच्या दारामागची दुनळी यांत वीसपटीहून जास्त फरक.

मग एवढं दुबळं पिस्तूल मुळात बनवलं कशाला? त्याचं उत्तर जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराकडे आहे. बेल्जियमच्या एफएन कारखान्यासाठी त्याने १८९९च्या सुमारास .३२ची आणि १९०५च्या सुमारास .२५ची गोळी तयार केली. .२५ खरं तर .२२एवढीच जोरदार. पण .२२च्या काडतुसात ठिणगीचा मसाला तळाच्या कडेत भरलेला असतो. कडेला कुठे तो कमी पडला आणि पिन नेमकी तिथेच आपटली, की नुसता टक आवाज येतो आणि बार फुसका जातो. ब्राउनिंगने .२५मध्ये मसाला तळाच्या मधोमध ठेवला. त्याने विकला तो भरवसा, ताकद नव्हे. आजही कुणी .२२चं पिस्तूल जिवाच्या रक्षणासाठी घेतो म्हणाला, तर मला आधी तो फुसका बारच आठवतो.

या ब्राउनिंगची महाराष्ट्राशी ओळख फार जुनी आहे. लंडनच्या इंडिया हाउसमधून सावरकरांनी २० ब्राउनिंग पिस्तुलं हिंदुस्थानात पाठवली. तिथला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन याने ती ट्रंकेच्या दुहेरी तळात लपवून आणली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात 'शारदा' नाटकाला आलेल्या कलेक्टर जॅक्सनवर अनंत कान्हेरेने त्यातल्याच पिस्तुलाने गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे आणि त्याचे साथीदार कर्वे व देशपांडे फासावर गेले, आणि पिस्तुलं पाठवल्याबद्दल सावरकरांवर खटला झाला. इतिहास आपल्याला पाठ असतो, पण त्यातला तांत्रिक भाग नजरेतून सुटतो. वीस रायफली ट्रंकेच्या तळात बसल्या असत्या का? आणि खचाखच भरलेल्या नाट्यगृहात रायफल अंगावर लपवून कुणाला नेता आली असती? खिशातलं पिस्तूल बनलंय ते लपवण्यासाठी आणि हातभर अंतरासाठी. हल्ला करणाऱ्याला हे दोन्ही सोयीचं असतं, कारण वेळ आणि अंतर तो निवडतो. स्वतःचा बचाव करणाऱ्याला यातलं काहीच निवडता येत नाही.

मारणं आणि थांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बारक्या पिस्तुलाचा खरा दोष इथे आहे. ३० जानेवारी १९४८ला गांधीजींच्या हत्येत वापरलेलं बेरेटा पिस्तूलही खिशात मावणाऱ्या घडणीचंच होतं, त्यामुळे लहान पिस्तुलाने माणूस मरत नाही असं कुणी समजू नये. मरतो. पण अंगावर धावून आलेला माणूस पेन्सिलीएवढ्या गोळीने जागच्या जागी थांबेलच असं नाही. गोळी लागूनही तो पुढचं मिनिटभर कोयता चालवू शकतो आणि तासाभराने दवाखान्यात मरू शकतो. म्हणजे तुमच्यावरचा वार टळला नाही तो नाहीच, वर त्याच्या मृत्यूचा हिशेब पोलिसांना द्यायचा. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे, पण बळ धोक्याच्या मानानेच वापरलं, हे पटवून द्यावं लागतं.

हाताळणीतही अडचणी आहेत. मूठ एवढी छोटी, की करंगळी लटकत राहते. नेम धरायच्या दोन खुणा एकमेकींच्या जवळ, त्यामुळे हात केसभर हलला तरी दहा पावलांवर गोळी भलतीकडे. वजन कमी म्हणून झटका जास्त. यातली बरीच पिस्तुलं वरची सरकती स्लाइड नुसत्या वजनावर आणि स्प्रिंगवर रोखून धरतात. रचना सोपी, स्वस्त आणि टिकाऊ, पण ती कडक स्प्रिंग साठीतल्या हाताला ओढवत नाही. अशा हातांना रिव्हॉल्व्हर सोपं. २०१४मध्ये कानपूरच्या फील्ड गन फॅक्टरीने महिलांसाठी म्हणून 'निर्भीक' हे .३२चं रिव्हॉल्व्हर काढलं. वजन अर्धा किलो, किंमत तेव्हा सव्वा लाखाच्या घरात. ज्या बाईला रात्रीच्या एसटीची वाट पाहत थांबावं लागतं, तिच्यासाठी ही किंमत कुणी ठरवली कोण जाणे.

आता अडत्याने न विचारलेली गोष्ट. त्याला ९ मिलिमीटर हवं असेल तर? सर्वसाधारण परवान्यावर ते मिळत नाही. फौजेची आणि पोलिसांची काडतुसं ज्यात चालतील अशी हत्यारं कायदा सामान्य नागरिकाला देत नाही. म्हणून परदेशातले शौकीन ज्या .३२वरून वाद घालतात, ते आपल्याकडे आवडीचं नव्हे, नाइलाजाचं आहे. ऐंशीच्या दशकात खासगी आयात बंद झाल्यापासून तर आजोबांच्या जुन्या वेब्ली-स्कॉटला लाखांत भाव येतो. कारण नवं परदेशी मिळत नाही, एवढंच.

परवान्यासाठी पूर्वी आपल्याला अकोल्याला जावं लागे. १ जुलै १९९८ला आपला वाशिम जिल्हा वेगळा झाल्यापासून वाशिमच्याच कलेक्टर कचेरीत अर्ज होतो. वय २१ पूर्ण हवं, पोलिसांचा अहवाल हवा, शस्त्र हाताळण्याच्या प्रशिक्षणाचा दाखला हवा. शस्त्र कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीनंतर एका माणसाला दोनच शस्त्रं ठेवता येतात आणि परवाना पाच वर्षांचा झाला आहे. त्याच दुरुस्तीने लग्नाच्या वरातीत हवेत बार काढणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखभर रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी सोय केली आहे. निवडणुकीची आचारसंहिता लागली, की अनेकांना पिस्तूल ठाण्यात जमा करावं लागतं. नेमका तेव्हाच सोयाबीनचा हंगाम असला, तर यार्डातल्या रोख रकमेला राखण कुणाची?

मानोरा, कारंजा भागातून आणखी एक विचारणा नेहमी होते. जागलीला जाताना खिशात असलं काही असावं का? तूर रोही खातो, हरभरा डुकरं उकरतात, रात्र वावरात काढावी लागते, हे सगळं खरं. पण .३२च्या गोळीने रानडुक्कर सहसा जागेवर मरत नाही. ते चिडतं, आणि जखमी डुक्कर अंधारात कुठून येईल ते सांगता येत नाही. शिवाय दोन्ही प्राण्यांना १९७२च्या वन्यजीव कायद्याचं संरक्षण आहे, वनखात्याच्या परवानगीवाचून गोळी झाडणारा स्वतःच आरोपी होतो. तिथे टॉर्च, फटाका आणि सोबतीला दुसरा माणूस, हेच कामाचं.

रिसोडच्या अडत्याला मी शेवटी विचारलं, वर्षाला किती काडतुसं सरावाला उडवाल? तो हसला. "काडतूस काय स्वस्त आहे का?" बरोबर आहे त्याचं. पण पुण्याच्या खडकीतून येणाऱ्या, तळावर 'केएफ' ठसा असलेल्या त्या काडतुसाची गोष्ट मोठी आहे, ती पुढच्या आठवड्यात.