एक बँक बुडाली म्हणजे दुसरी कां डळमळते?

सन १८४५ मध्यें आयर्लंडांत बटाट्यावर करपा पडला. तेथील गरीब कुळें मुख्यतः एकाच जातीचा बटाटा लावीत, आणि तो बेण्यापासून होणारा असल्यामुळें शेतांतील एक झाड दुसऱ्याची केवळ प्रतिकृति होतें. एकास जो रोग मारी तो सर्वांस मारी. पुढील कांहीं वर्षांत सुमारें दहा लक्ष माणसें उपासमारीनें व रोगराईनें मेलीं.

ही हकीगत आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांस ठाऊक असेल. ती पुनः सांगण्याचें कारण असें कीं, बँकांच्या बुडण्याचा अभ्यास करणारे पंडितही शेतकऱ्याच्या याच अनुभवाकडे वळले आहेत. २०११ सालीं ‘नेचर’ या प्रसिद्ध शास्त्रीय नियतकालिकांत इंग्लंडच्या मध्यवर्ती बँकेचे अँड्र्यू हॉल्डेन व प्राणिवनस्पतींच्या परस्परावलंबनाचें गणित मांडणारे रॉबर्ट मे या दोघांनीं मिळून एक निबंध लिहिला. त्यांतील एक मुद्दा असा: प्रत्येक बँक आपला धोका कमी करण्यासाठीं चार निरनिराळ्या धंद्यांत पैसा घालते, परंतु सर्वच बँका त्याच चार धंद्यांत शिरल्या, म्हणजे एकएकटी बँक शहाणी दिसली तरी सगळ्या मिळून एकाच वाणाचें शेत होतें. अशा धोक्यास अर्थशास्त्रज्ञ व्यवस्थागत जोखीम म्हणतात. २००८ सालीं अमेरिकेंत घरांच्या गहाणावरील कर्जें थकलीं तेव्हां तिचा प्रत्यय साऱ्या जगास आला.

पण बँक मुळांतच नाजूक कां असावी? याचा उलगडा डग्लस डायमंड व फिलिप डिबविग यांनीं १९८३ सालीं केला. ठेवीदार आपला पैसा उद्यां सकाळीं मागूं शकतो; बँकेनें तो मात्र विहिरीसाठीं, उसासाठीं, यंत्रासाठीं दिलेला असतो. ऊस बारा महिन्यांशिवाय तुटत नाहीं व विहिरीचें कर्ज कित्येक वर्षांशिवाय फिटत नाहीं. सर्व ठेवीदार एकदम आले तर कर्जें उत्तम असूनही बँकेस तीं अर्ध्या किंमतीनें मोडावीं लागतात, आणि ती खरोखरच बुडते. येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. धांवत सुटणारा ठेवीदार मूर्ख असतो असें नाहीं. शेजारी धांवणार असें एकदां वाटलें कीं, मागें राहणाराच नागवला जातो. अफवा खोटी असली तरी तिच्यावर वागणें शहाणपणाचें ठरतें, आणि त्या वागण्यानेंच ती खरी होते!

पूर्वीं अशा वेळीं बँकेच्या दाराशीं रांगा लागत. ९ मार्च २०२३ रोजीं अमेरिकेंतील सिलिकॉन व्हॅली बँकेच्या ठेवीदारांनीं एका दिवसांत ४२०० कोटी डॉलर काढले. त्यांपैकीं बहुतेकांनीं घरबसल्या बटण दाबून ते काढले, आणि दुसऱ्या दिवशीं बँक बंद झाली.

डायमंड व डिबविग यांच्याबरोबर २०२२ चें नोबेल पारितोषिक बेन बर्नांकी यांस मिळालें. १९३० नंतरच्या मंदींत अमेरिकेंतील हजारों बँका बुडाल्या, तेव्हां पैशाबरोबर दुसरेंही कांहीं नष्ट झालें, असें त्यांनीं दाखविलें. तें म्हणजे कोण कर्ज फेडणारा व कोण बुडविणारा, याची बँकेस वर्षानुवर्षें झालेली पारख. आमच्या मतें या साऱ्या संशोधनांत शेतकऱ्यास सर्वांत जवळचा भाग हाच. गांवच्या सोसायटीच्या सचिवास कोणाची पत काय तें ठाऊक असतें. ती सोसायटी बंद पडली तर नव्या सावकारास तें कोणत्याही वहींत सांपडावयाचें नाहीं.

आतां बँकाबँकांच्या गुंतागुंतीविषयीं. एकमेकींत पैसे ठेवणाऱ्या बँका अधिक सुरक्षित कीं अधिक धोक्यांत, हा वाद जुना आहे. २००० सालीं फ्रँकलिन ॲलन व डग्लस गेल यांनीं असें मांडलें कीं, प्रत्येक बँकेचा सर्वांशीं संबंध असेल तर धक्का वांटला जातो. संबंध मोजकेच असतील तर तो एकीकडून दुसरीकडे पसरतो. पुढें २०१५ सालीं दारोन आसेमोग्लू व त्यांचे सहकारी यांनीं त्यास मर्यादा घातली: धक्का लहान असेल तरच हें खरें, मोठा असेल तर तेच दाट संबंध घातक होतात. पाटांचा अनुभव असणारास हें नवल वाटूं नये. ओढ्याचें बेताचें पाणी अनेक पाटांत सोडलें तर जिरतें. पूर आला म्हणजे तेच पाट तो प्रत्येक शेतांत नेऊन पोंचवितात.

मुंबईच्या पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ रोजीं रिझर्व्ह बँकेनें निर्बंध घातले, तेव्हां प्रथम खात्यामागें अवघे १,००० रुपये काढण्याची मुभा होती. तिच्या कर्जांपैकीं फार मोठा हिस्सा एकाच बांधकाम व्यावसायिक गटाकडे गेला होता. व्यक्तींबरोबर पतसंस्थांच्याही ठेवी तिच्यांत अडकल्या, म्हणजे ज्यांनीं त्या बँकेचें तोंडही पाहिलें नव्हतें अशा सभासदांचा पैसा गुंतला.

आमच्या शेतीच्या सहकारी रचनेंत सोसायटी जिल्हा बँकेवर व जिल्हा बँक राज्य बँकेवर अवलंबून आहे. शिवाय एका जिल्ह्यांतील कर्जदारांवर एकच पाऊस पडतो व त्यांच्या मालास एकच बाजारभाव मिळतो. एकाचें पीक गेलें तर शेजारी सांवरून घेतो. सर्वांचेंच गेलें तर सांवरणार कोण? न्यूयॉर्कच्या विद्यापीठांतील विरल आचार्य (हे २०१७ ते २०१९ रिझर्व्ह बँकेचे डेप्युटी गव्हर्नर होते) व त्यांचे सहकारी यांनीं बँकेची परीक्षा याच कसोटीनें घेण्याची पद्धत बसविली. एरव्हीं बँक कशी चालते हें न पाहतां, सर्व बाजार कोसळेल तेव्हां तिचें भांडवल किती उणें पडेल तें पाहावयाचें. विहिरीची पारख श्रावणांत करून काय उपयोग?

उपायांपैकीं ठेवींचा विमा सामान्य ठेवीदारास सर्वांत महत्त्वाचा. १९६० सालीं केरळांतील पालै सेंट्रल बँक व अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाल्या, आणि १ जानेवारी १९६२ पासून आपल्या देशांत हा विमा सुरू झाला. त्या वेळीं मर्यादा १,५०० रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती व्याजासह पांच लाख झाली. आपला पैसा बुडणार नाहीं हें ठाऊक असलें म्हणजे धांवण्याचें कारणच उरत नाहीं. उलट असाही आक्षेप आहे कीं, मग बँक कशी चालली आहे याकडे कोणी पाहात नाहीं. तो निराधार आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

जिल्हा मध्यवर्ती बँकेंतील ठेवीस हा विमा लागू आहे. गांवच्या प्राथमिक सोसायटीकडे किंवा पतसंस्थेकडे ठेवलेल्या रकमेस तो नाहीं, मग तिच्या पाटीवर कोणतेंही भारदस्त नांव असो. तसेंच एकाच बँकेच्या दोन शाखांत एकाच नांवानें ठेवलेल्या रकमा विम्यासाठीं एकत्र धरल्या जातात, म्हणून शाखा बदलून मर्यादा वाढत नाहीं. त्यासाठीं बँकच वेगळी लागते.