सहज टिपलेल्या छायाचित्रांचे मोल

सहलीला निघालेल्या मनुष्याला वाटेत जे रम्य दिसते, त्याची काही खूण जवळ बाळगावीशी वाटते. ही इच्छा जुनीच आहे. ती पुरी करण्याचे साधन मात्र सामान्य माणसाच्या हाती फार उशिरा आले. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन याने कोडॅक कॅमेरा विक्रीस आणला. शंभर चित्रे घेऊन झाली की संपूर्ण कॅमेराच कारखान्याकडे धाडावयाचा, अशी त्याची व्यवस्था होती. १९०० साली एका डॉलरचा ब्राउनी कॅमेरा निघाला आणि छायाचित्रण मुलांच्याही आवाक्यात आले. आज तर मोबाइल फोनमध्येच कॅमेरा असतो. डोंगरवाटेवरचे फूल, तळ्याकाठचा पक्षी, परसातील फुलपाखरू यांची चित्रे रोज टिपली जातात व स्नेह्यांना दाखविली जातात. पाहणाऱ्यास क्षणभर आनंद होतो, आणि पुढे बहुतेक चित्रे विस्मृतीत जातात. परंतु अशा साध्या चित्रातही शास्त्राला हवा असलेला पुरावा दडलेला असू शकतो.

परसातील साप

२०२० साली करोनाच्या साथीमुळे लोक घरोघरी अडकून पडले होते. अमृतसरच्या गुरू नानक देव विद्यापीठातील एक पदव्युत्तर विद्यार्थी त्या वेळी हिमाचल प्रदेशातील चंबा जिल्ह्यात आपल्या घरी परतला होता. परसात दिसणाऱ्या प्राण्यांची छायाचित्रे तो घेई व सर्वांना पाहण्यासाठी इन्स्टाग्रामवर ठेवी. त्यांत जून महिन्यात एका सापाचे चित्र होते. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातील संशोधक झीशान मिर्झा यांनी ते पाहिले. हा कुकरी साप आहे, हे त्यांनी ओळखले. पण तो नेमक्या कोणत्या जातीचा, हे चित्रावरून ठरेना. या सापांचे मागचे दात गुरख्यांच्या कुकरीसारखे वाकडे असतात. त्यावरून त्यांना हे नाव पडले आहे.

चित्राने प्रश्न उभा केला. उत्तर मात्र चित्राने दिले नाही. त्यासाठी साप प्रत्यक्ष मिळवून त्याचे खवले मोजावे लागले, कवटीची क्ष-किरणांनी तपासणी करावी लागली आणि आनुवंशिक द्रव्याची इतर जातींशी तुलना करावी लागली. अखेर डिसेंबर २०२१ मध्ये ही जात शास्त्राला नवी असल्याचे प्रसिद्ध झाले. चुराह खोऱ्यावरून तिला ‘ओलिगोडॉन चुराहेन्सिस’ असे नाव देण्यात आले. ते चित्र विद्यार्थ्याने स्वतःपाशीच ठेवले असते, तर ही ओळख कोण जाणे किती काळ लांबली असती!

एकाच जागेची दोन चित्रे

दुसरे उदाहरण अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याचे आहे. तेथील लोवेल गावच्या दफनभूमीत ३० मे १८६८ रोजी मृत सैनिकांच्या स्मरणाचा समारंभ झाला. त्या प्रसंगाच्या छायाचित्रात मागची झाडे निष्पर्ण दिसतात. ३० मे २००५ रोजी त्याच जागी घेतलेल्या चित्रात ती पालवीने भरलेली आहेत. अर्थात दोनच चित्रांवरून हवामान पालटले असे म्हणता येत नाही. एखादे वर्ष विशेष थंडही असू शकते. म्हणून बॉस्टन विद्यापीठाचे रिचर्ड प्रायमॅक व त्यांचे सहकारी यांनी तारखा असलेली पुष्कळ जुनी छायाचित्रे व जतन केलेले वनस्पतींचे नमुने तपासले. वसंत ऋतू जितका उबदार, तितक्या लवकर झाडे फुलतात, हे त्यांनी २००६ साली दाखवून दिले. १८६८ च्या छायाचित्रकाराच्या मनात झाडे मुळीच नव्हती. त्याच्या चित्राला शास्त्रीय मोल आले, ते केवळ दिवस व स्थळ ठाऊक होते म्हणून.

चित्राबरोबर काय लिहावे

आधुनिक कॅमेरा तारीख व वेळ आपोआप नोंदवितो. मोबाइल फोन पुष्कळदा स्थळही नोंदवितो. परंतु चित्र एकाकडून दुसऱ्याकडे जाताना ही माहिती बहुधा गळून पडते. म्हणून दिनांक, गाव व जागेचे स्वरूप शब्दांत लिहून ठेवणे इष्ट. झाडाचे चित्र घेताना केवळ फूल पुरत नाही. पानाच्या दोन्ही बाजू, फळ व साल हीही टिपावीत. लहान वस्तूशेजारी नाणे किंवा पेन्सिल ठेविल्यास आकाराचा अंदाज येतो. नाव ठाऊक नसेल तर ते रिकामे सोडावे. चुकीच्या नावापेक्षा रिकामी जागा बरी.

अशा नोंदी एकत्र करण्यासाठी २००८ साली कॅलिफोर्नियात ‘आयनॅचरलिस्ट’ हा उपक्रम सुरू झाला. तेथे एकाने दिलेले नाव इतर जाणकार तपासतात. दुर्मीळ व संकटग्रस्त जातींचे नेमके स्थळ तेथे झाकून ठेवतात, कारण तस्करांनाही त्या माहितीचा उपयोग होतो.

हाच संयम प्रत्येकाने पाळावयास हवा. चित्रासाठी घरट्यावरची फांदी मोडली, तर उघड्या पडलेल्या पिल्लांना ऊन व शत्रू दोन्ही गाठतात. साप दिसल्यास दूरच उभे राहावे. चित्र अस्पष्ट आले तरी चालेल.

शाळेच्या आवारातील एकाच बहाव्याचे, एकाच जागी उभे राहून, दर आठवड्यास एक चित्र घेण्यास काहीच खर्च येत नाही. काही वर्षांत त्या झाडाच्या पालवीचा व बहराचा क्रम त्यातून स्पष्ट होईल. गेलेला ऋतू पुन्हा पाहता येत नाही. त्याची नोंद मात्र ठेवता येते.