घड्याळही प्रत्येकीसाठी वेगळं चालतं

“तिला दिसत नाही, मग ती खाली जाते कशी? पुढचा माणूस धरून नेत असेल.” दृष्टिबाधित स्त्रियांची डाउनहिल स्की शर्यत पहिल्यांदा पाहणाऱ्याच्या तोंडून हे वाक्य हमखास निघतं. आपल्याला बर्फ लांबचा. पॅरालिम्पिक म्हटलं की मराठी माणसाला मुरलीकांत पेटकर आणि 1972 च्या हायडलबर्गमधलं त्यांचं पोहण्यातलं सुवर्णपदक आठवतं. हिवाळी पॅरालिम्पिकची तेवढी ओळख नाही, म्हणून त्याविषयी आपण अंदाजानेच बोलतो. ते अंदाज बहुधा चुकतात, कारण आपली नजर खेळाडूच्या शरीरात काय कमी आहे तिथेच अडकते. तिच्या स्कीची कड बर्फ कशी कापते आहे, हे पाहायचं राहूनच जातं.

डाउनहिल ही आल्पाइन स्कीइंगमधली सर्वांत वेगवान शर्यत. डोंगरावरून एकदाच उतरायचं. जवळजवळ रोवलेल्या खांबांमधून वळत उतरायच्या स्लॅलम शर्यतीसारखी दुसरी फेरी नाही, त्यामुळे एक चूक झाली की ती भरून काढता येत नाही. वाटेवरचे गेट, म्हणजे ज्यांतून जायलाच हवं अशा खुणा, लांब लांब असतात आणि वेग ताशी 100 किलोमीटरच्या पुढे जाऊ शकतो. म्हणून शर्यतीआधीच्या दिवसांत सरावाच्या अधिकृत फेऱ्या होतात. त्याशिवाय खेळाडू मार्गावरून हळूहळू घसरत एकेक वळण, एकेक उंचवटा पाठ करून ठेवतात.

आता तो “धरून नेणारा” माणूस. त्याला गाइड म्हणतात, आणि तो हात धरत नाही की दोरी बांधत नाही. भडक रंगाचा अंगरखा घालून तो खेळाडूच्या पुढे काही अंतर राखून उतरतो, जवळपास तिच्याच वेगाने. हेल्मेटमधल्या हेडसेटवरून सतत बोलतो: डावं वळण, पुढे कडक बर्फ, आता उडी. तीही त्याला सांगत असते की अंतर वाढलं, किंवा आणखी जोरात जाऊ या. गाइड फार पुढे गेला तर जिला थोडंफार दिसतं तिच्या नजरेतून त्याची आकृती निसटते. तो रेंगाळला तर तिचा वेग अडतो. शिवाय “दृष्टिबाधित” म्हणजे पूर्ण अंधार असंही नाही. या गटातल्या बऱ्याच जणींना अंधुक, किंवा नजरेच्या एखाद्या कोपऱ्यातून दिसतं. ज्या वर्गात दृष्टी जवळजवळ नसतेच, त्या वर्गातल्या सगळ्यांना काळे केलेले गॉगल घालावे लागतात, म्हणजे तिथे कुणाला उजेडाचाही फायदा मिळत नाही.

पदक दोघांनाही मिळतं, आणि ते रास्त आहे. स्लोव्हाकियाच्या हेन्रिएता फार्काशोवाने 2018 च्या प्योंगचांग पॅरालिम्पिकमध्ये नतालिया शुब्रतोवाच्या मागून उतरत 4 सुवर्णं आणि 1 रौप्य जिंकलं. त्यात डाउनहिलचं सुवर्ण होतं. 2022 च्या बीजिंगमध्ये तिच्यापुढे वेगळी गाइड होती, मार्टिना मोतिकोवा, आणि डाउनहिलचं सुवर्ण पुन्हा तिचंच. गाइड बदलली की नुसता आवाज बदलत नाही. कोणता शब्द किती आधी यायला हवा, तिच्या श्वासावरून काय ओळखायचं, हे सगळं नव्याने बसवावं लागतं. तरीही ती जिंकली. गाइडच सगळं करते असं ज्यांना वाटतं, त्यांनी या दोन शर्यती शेजारी ठेवून पाहाव्यात. प्योंगचांगला याच शर्यतीत बेल्जियमच्या एलेओनोर सानाने कांस्य मिळवलं. तिच्या पुढे तिची सख्खी बहीण क्लोए होती.

“अपंगांसाठी आहे म्हणजे उतार सौम्य असणार, जपून ठेवलेला असणार.” हा समज फार पक्का आहे. ब्रिटनची मिली नाइट 2017 मध्ये जोंगसॉनच्या डोंगरावर, प्योंगचांगच्या पूर्वतयारीच्या स्पर्धेत, ताशी 100 किलोमीटरहून जास्त वेगात कोसळली. डोक्याला मार बसला. त्यानंतरची लढाई मनातल्या भीतीशी होती. पुढच्या वर्षी त्याच डोंगरावर, ब्रिटिश नौदलातला तिचा गाइड ब्रेट वाइल्ड याच्या मागून उतरत तिने डाउनहिलचं रौप्य मिळवलं. तिचीच सहकारी मेना फिट्झपॅट्रिक त्याच डाउनहिलमध्ये पडली. पण ती घरी परतली ती चार पदकं घेऊन, आणि शेवटचं होतं स्लॅलमचं सुवर्ण. स्त्रियांसाठी वेगळी, सोपी टेकडीही नसते. बीजिंगच्या वेळी यानछिंगच्या ज्या डोंगरावर पुरुषांची डाउनहिल झाली, तिथेच आणि त्याच दिवशी स्त्रियांचीही झाली.

बसून खेळणाऱ्यांविषयी मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण गैरसमजांचं सर्वांत मोठं ओझं त्यांच्यावर आहे. “त्या तर खुर्चीत बसतात आणि डोंगर त्यांना खाली आणतो.” जणू घसरगुंडीच. त्या ज्यात बसतात त्याला मोनोस्की म्हणतात. शरीराच्या मापाने घडवलेलं, घट्ट पट्ट्यांनी आवळलेलं आसन, त्याखाली धक्का शोषणारी यंत्रणा, आणि तिच्याखाली एकच स्की, शर्यतीत वापरतात तशीच लांब. दोन्ही हातांत आउटरिगर, म्हणजे कुबडीसारखी काठी आणि तिच्या टोकाला छोटीशी स्की. हे सगळं एका स्कीच्या दोन कडांवर तोलायचं असतं. उभ्या खेळाडूच्या घोट्यांत, गुडघ्यांत, कमरेत जे बारीक बदल होतात, ते इथे पोटाच्या, पाठीच्या आणि खांद्यांच्या स्नायूंनी करायचे. जिचा पाठीचा कणा वर, छातीच्या पातळीवर दुखावलेला असतो तिच्या पोटाचे स्नायूही साथ देत नाहीत. तिला तोल सांभाळायला खांदे, हात आणि डोकं एवढंच उरतं. मोनोस्कीला ब्रेक नसतो. वेग कमी करायचा तर स्की आडवी फिरवायची, आणि भरवेगात तसं करताना कड चुकीची पकडली गेली की उलटायला क्षणही लागत नाही. आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते: पुन्हा वर जायचं तेव्हा बहुतेक जणी आसन उंचावून चालत्या चेअरलिफ्टवर स्वतःच बसतात.

जर्मनीच्या आना शाफेलहुबरने 2014 च्या सोचीमध्ये मोनोस्कीवर पाचही शर्यती जिंकल्या आणि चार वर्षांनी प्योंगचांगच्या डाउनहिलमध्ये पुन्हा पहिली आली. त्या दिवशी दुसरी आलेली जपानची मोमोका मुराओका चार वर्षांची असताना आजारपणामुळे कमरेखाली लुळी पडली होती. 2021 च्या टोकियो पॅरालिम्पिकमध्ये तिने व्हीलचेअरवरून 100 मीटरची अंतिम फेरी गाठली, आणि जेमतेम सहा महिन्यांनी बीजिंगला डाउनहिलसह तीन सुवर्णं जिंकली. ट्रॅकवरून ती सहा महिन्यांत बर्फावर आली. डोंगर आपोआप खाली आणत असता, तर हे कुणालाही जमलं असतं.

सर्वांत गोंधळाचा प्रश्न मात्र घड्याळाचा. “पहिली खाली आली ती, आणि सुवर्ण दुसरीलाच! हा कसला न्याय?”

आज स्त्रियांची डाउनहिल तीन गटांत होते: उभ्याने, बसून आणि दृष्टिबाधित. पण एकाच गटातही अपंगत्व सारखं नसतं. उभ्या गटात एका पायावर उतरणारी असते आणि एक हात नसलेलीही. म्हणून प्रत्येक वर्गाला एक गुणक दिलेला असतो. अनेक शर्यतींच्या निकालांवरून तो ठरतो आणि शर्यतीच्या प्रकारानुसार बदलतो. प्रत्यक्ष लागलेला वेळ त्याने गुणायचा. समजा, एकीला 80 सेकंद लागले आणि तिचा गुणक 1 आहे. दुसरीला 86 सेकंद लागले, पण तिचा गुणक 0.90. दुसरीचा हिशोबातला वेळ 77.4 सेकंद झाला, म्हणून ती जिंकली. पडद्यावरचं घड्याळही तिच्यासाठी तेवढं संथ चालवता येतं, त्यामुळे बघणाऱ्याला शेवटी वहीपेन घेऊन बसावं लागत नाही.

ही पद्धत निर्दोष नाही. गुणक कुणाला झुकतं माप देतो, यावर खेळाडूंमध्येच वाद होतात. पण आधी काय होतं, ते पाहायला हवं. 2006 च्या तोरिनोआधी वर्गांनुसार बरीच वेगवेगळी पदकं असत. स्त्रियांच्या काही वर्गांत मोजक्याच स्पर्धक असत, आणि अशा पदकाला हौस म्हणणारे लोक मग सहज सापडत. माझ्या मते तीन गट आणि गुणक यांनी स्त्रियांच्या शर्यतीला खरी चुरस दिली. फ्रान्सच्या मारी बोशेला जन्मतःच डावा हात कोपराखाली नाही. सोचीत 4 आणि प्योंगचांगमध्ये 4 सुवर्णं, दोन्हीकडे डाउनहिल धरून, तिने अशाच मिश्र गटात जिंकली. “हात नसला म्हणून स्कीइंगला काय बिघडतं,” असं म्हणणाऱ्याने एकाच काठीने स्टार्ट गेटमधून जोर लावून पाहावा. उडीनंतर हवेत तोल सांभाळायला दोन्ही बाजूंचे हात किती कामी येतात, हेही त्याला कळेल.

दोन समज मात्र झटकन निकालात काढता येतात. एक पाय नसलेली स्कीपटू सहसा कृत्रिम पाय लावत नाही. ती एका स्कीवर, हातात दोन आउटरिगर घेऊन उतरते. आणि पॅरालिम्पिक म्हणजे स्पेशल ऑलिम्पिक्स नव्हे. स्पेशल ऑलिम्पिक्स बौद्धिक दिव्यांग खेळाडूंसाठीची स्वतंत्र चळवळ आहे. पॅरालिम्पिकच्या आल्पाइन शर्यतींत तसा वर्ग नाही.

राहिला तो “हे सगळं अलीकडचं, सहानुभूतीतून सुरू झालेलं” असा समज. दुसऱ्या महायुद्धात पाय गमावलेले ऑस्ट्रियाचे आणि जर्मनीचे सैनिक कुबड्यांना छोट्या स्की बांधून उतारावर आले, तिथून या खेळाची सुरुवात आहे. पहिलं हिवाळी पॅरालिम्पिक 1976 मध्ये स्वीडनच्या अर्न्शोल्ड्सविकला झालं आणि 1984 च्या इन्सब्रुकमध्ये डाउनहिल त्यात आली. त्याच काळात अमेरिकेत डायना गोल्डन एका पायावर शर्यती जिंकत होती. बाराव्या वर्षी कॅन्सरमुळे तिचा उजवा पाय काढावा लागला होता. “किती धाडसी मुलगी” हे कौतुक तिला नको होतं. तिला खेळाडू म्हणून मोजलं जायला हवं होतं, आणि म्हणून ती धडधाकट स्कीपटूंच्या शर्यतींतही उतरायची. तिथे तिची अडचण अगदी नेमकी होती. क्रमवारीत खाली असल्याने तिचा नंबर उशिरा येई. तोवर आधीच्या खेळाडूंच्या स्कींनी बर्फात खोल चर पडलेले असत, आणि दोन स्की असलेली बाई जो चर सांभाळून घेते, त्यात एका स्कीवरची सरळ आपटते. तिने सवलतीचे गुण मागितले नाहीत. मार्ग खराब होण्याआधी सुरुवात करायला मिळावी, एवढंच तिचं मागणं होतं. 1985 मध्ये अमेरिकेच्या स्की संघटनेने अव्वल दिव्यांग स्कीपटूंसाठी सुरुवातीच्या जागा राखून ठेवणारा नियम केला. लोक त्याला आजही तिच्याच नावाने ओळखतात. तीन वर्षांनी कॅल्गरीच्या ऑलिम्पिकमध्ये जायंट स्लॅलमच्या प्रदर्शनीय शर्यतीत ती एका पायावर उतरली आणि सुवर्ण घेऊन गेली.