जिनिंगमधला 'जिन' कोण?

"काकू, जिनिंगमधला जिन म्हणजे भूत का हो?"

शेजारच्या मावशींच्या लेकीनं असं विचारलं आणि मला हसूच फुटलं. आमच्या जालन्याकडे दसरा-दिवाळी झाली की कापसाच्या गाड्या जिनिंगच्या दारात रांगेनं लागतात. मावशी हंगामभर तिथंच कामाला. संध्याकाळी परततात तेव्हा केसांत, पदरावर कापूसच कापूस! पण 'जिन' म्हणजे काय, ते ना त्यांना ठाऊक, ना मला. शेवटी शब्दकोश काढला.

मैत्रिणींनो, गंमत बघा. हा जिन दिव्यातून नाही, तर 'इंजिन'मधून निघालाय! बोलता बोलता पुढचा 'इं' गळला आणि 'जिन' उरला. आणि इंजिन? मूळ लॅटिन शब्द 'इंजेनियम', म्हणजे उपजत बुद्धी. जुन्या फ्रेंचमधून तो साधारण सातशे वर्षांपूर्वी इंग्रजीत आला, तेव्हा अर्थ होता अक्कल, युक्ती, कधी कधी लबाडीसुद्धा. पुढे युक्तीनं केलेल्या यंत्रालाच, अगदी किल्ल्याचे तट फोडणाऱ्या यंत्रालाही, इंजिन म्हणू लागले. वाफेचं इंजिन तर त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं.

कापसाच्या जिनचं श्रेय पुस्तकांत अमेरिकेच्या एली व्हिटनीला मिळतं. त्यानं १७९३ मध्ये दातेरी जिन बनवलं. पण त्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे हातानं फिरवायची चरखी होती. दोन रूळ एकमेकांना लागून उलटसुलट फिरायचे. कापूस पलीकडे ओढला जायचा, सरकी अलीकडे पडायची. ती फिरवायला बहुतेक बायकाच! आपल्याकडच्या बहुतेक जिनिंगमध्ये आजही रूळच फिरतात, फक्त विजेवर.

हे सगळं मी मावशींना मुद्दाम सांगितलं, त्याला कारण होतं. लेक दहावी पास झाली. तिला आयटीआयला 'मेकॅनिक डिझेल' घ्यायचंय, वर्षाचा कोर्स. त्यावरून घरात रोज वाद. "इंजनाचं काम पोरीच्या जातीला शोभतं का? शिवणकाम घे म्हणावं," हे मावशींचं पालुपद. चुलता तर म्हणाला, "त्याला डोकं लागतं."

शब्दाचा अर्थ ऐकून मावशी जरा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे इंजन म्हंजे अक्कल व्हय? मंग वीस वर्सं जिनिंगमधी मी काय बिनअकलेची राबले?"

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघी फॉर्म भरायला गेलो. नंबर लागेल की नाही, ते पुढचं पुढे. कॉम्प्युटरवरच्या मुलानं विचारलं, "ट्रेड कोणता टाकू?" लेकीनं घाबरत आईकडे पाहिलं.

मावशींनी पदर खोचला आणि ठणकावून सांगितलं, "इंजनाचा!"