‘देवमाणूस’ आणि भोर-वेल्ह्याचा प्रेक्षक

‘झी मराठी’वर ऑगस्ट २०२० मध्ये सुरू झालेली ‘देवमाणूस’ ही मालिका २०१६ मध्ये उघडकीस आलेल्या, वाईजवळच्या धोम येथील हत्याकांडावरून सुचलेली. भोरहून मांढरदेवीचा घाट ओलांडला की वाई. त्यामुळे भोर-वेल्ह्याच्या प्रेक्षकाला ही शेजारचीच गोष्ट.

मालिकेत अर्थ निर्माता भरतो, पण उलगडतो प्रेक्षक, अशा आशयाचं संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३ मध्ये मांडलं. हे उलगडणं तीन प्रकारचं.

मालिकेतल्या बोगस डॉक्टरच्या मुखवट्यामागे खुनी आहे, हा अपेक्षित अर्थ जसाच्या तसा घेणं हा पहिला प्रकार.

दुसरा तडजोडीचा, आणि तोच सर्वांत बोलका. दुर्गम वाडीतल्या माणसाला बोगस डॉक्टरचा धोका पटतो. पण दवाखाना लांब असला की हाताशी असलेल्या डॉक्टरवर विश्वास का टाकावा लागतो, हे तो जाणतो. गावकरी निव्वळ भोळे होते, हे तो मान्य करीलच असं नाही.

तिसरा विरोधाचा: खऱ्या बळींच्या दुःखाची करमणूक होते म्हणून मालिकाच नाकारणं. पीडितांची घरं इतकी जवळ असताना हा आक्षेप गंभीरपणे घ्यायलाच हवा.

माध्यम-अभ्यासक जॉर्ज गर्बनर यांचा सिद्धांत वेगळ्याच परिणामाकडे बोट दाखवतो: टीव्ही फार पाहणाऱ्याला जग आहे त्याहून अधिक धोकादायक वाटू लागतं.