दुखत नसताना घ्यायची गोळी

आपल्या दुभाषी घरांत या दुखण्याला दोन नावे आहेत. मराठीत अर्धशिशी, कन्नडमध्ये अरेतलेनोवु. अर्थ एकच आणि उपायही एकच. कपाळाला सुंठीचा लेप, अंधारी खोली आणि औषधाच्या दुकानातली गोळी. पण डोके दुखत नसतानाही रोज घ्यायचे औषध असते, हे किती घरांना ठाऊक आहे?

माझी धाकटी जाऊ धारवाडकडची. महिन्यातले दहा-बारा दिवस उलट्या, उजेड नको, आवाज नको. तरी गोळी घेऊन पुन्हा स्वयंपाकघरात. मेंदूविकारतज्ज्ञांनी तिला समजावले की साध्या वेदनाशामक गोळ्या महिन्यात १५ किंवा अधिक दिवस, तीन महिन्यांहून जास्त काळ घेतल्या, तर त्यांच्यामुळेच डोके दुखू लागते. तिचा आकडा त्याच वाटेवर होता.

मग प्रतिबंधक औषध ठरले. यातली बरीच औषधे मूळची दुसऱ्याच आजारांवरची. प्रोप्रॅनोलॉल रक्तदाबाचे, टोपिरामेट फिट्सचे, अमिट्रिप्टिलिन नैराश्याचे. जावेला दमा असल्याने प्रोप्रॅनोलॉल चालणार नव्हते. तिला रात्री अमिट्रिप्टिलिनचा लहान डोस दिला. ते नैराश्याचे औषध आहे असे कुणीतरी सांगताच ती रडवेली झाली. "अक्का, मला काय वेड लागलंय?" डॉक्टरांनी सांगितलेलेच मी तिला पुन्हा सांगितले. औषध तेच, पण डोस कमी आणि काम वेगळे.

पहिले तीन आठवडे तोंडाला कोरड, सकाळी झापड आणि डोकेदुखी तशीच. सासूबाई म्हणाल्या, "गुण नाही तर सोड." इथेच बहुतेकजणी औषध सोडतात. गुण यायला सहा ते आठ आठवडे लागतात. दुखण्याचे दिवस निम्म्यावर आले तरी औषध लागू पडले असे मानतात. तिसऱ्या महिन्यात जावेच्या वहीत पाचच फुल्या होत्या.

महिन्यात चार किंवा अधिक दिवस अर्धशिशी उठत असेल, तर प्रत्येक दुखणे आणि प्रत्येक गोळी कॅलेंडरवर टिपा व ते घेऊन डॉक्टरांकडे जा. दमा, गर्भारपण किंवा दिवस राहण्याची शक्यता असल्यास आधी सांगा, कारण टोपिरामेट आणि व्हॅलप्रोएट पोटातल्या बाळाला घातक ठरू शकतात. औषध मनानेच बंद करू नका. डोके अचानक, कधी नव्हे इतके दुखले किंवा बोलणे अडखळले, हातपाय लुळे पडले, तर मात्र थेट दवाखाना गाठा.

घरच्यांनी एवढेच करावे. दुखत नसताना ती गोळी घेते, म्हणून तिला हसू नये.